ट्रम्पेट घेऊन लाव्हाच्या गुहेत

वसईच्या पूर्वेकडच्या डोंगरांत गुहा आहेत का, असं मागच्या लेखाखाली दोघातिघांनी विचारलं होतं. आहेत. अशा एका गुहेत मी चाळीस वर्षांपूर्वी जाऊन आलोय, आणि गुहेत कसं जाऊ नये हे माझ्याइतक्या खात्रीने सांगणारा माणूस आख्ख्या तालुक्यात सापडणार नाही. सापडलेच तर आणखी दोघं सापडतील, आणि ते दोघं तेव्हा माझ्याबरोबरच होते.

गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातली. मी तेव्हा बी.कॉम. होऊन वटारला घरी होतो. सकाळी वडिलांच्या हाताखाली केळी आणि पानवेली बघायच्या, दुपारी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं उघडायची, आणि दोन्ही कामांत सारख्याच निष्ठेने टंगळमंगळ करायची, असा दिनक्रम होता. कॉलेजात एका बाकावर बसलेले माझे दोन मित्र. एक नंदाखालचा फिलिप. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. अंगाने भरलेला, स्वभावाने उदार आणि अंधाराला घाबरणारा. दुसरा मनवेलपाड्याचा सुहास. काडीसारखा बारीक, जाड भिंगांचा चष्मा, आणि मुंबईला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होता. रस्त्यातला दगड उचलून तो आधी बघायचा, मग हुंगायचा आणि कोणी बघत नसेल तर चाटायचा. त्याचे वडील गिरणीत होते. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं आणि ते, म्हणजे आमचे काका, चाळीतल्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसून असायचे.

सुरुवात फिलिपने केली. त्याचा बँड पारोळच्या पुढे एका लग्नाला गेला होता. वरात निघायला उशीर होता म्हणून हा डोंगराच्या पायथ्याला आडोशाला गेला. तिथे करवंदीच्या जाळीमागे त्याला एक भोक दिसलं आणि भर दुपारी त्यातून गार वारा येत होता. दुसरा कोणी असता तर त्याने आत दगड टाकून पाहिला असता. फिलिपने ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि नवरदेव मांडवात शिरताना वाजवायची सलामी त्या भोकात वाजवली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती आत गेली, बराच वेळ फिरली आणि सुधारून बाहेर आली.

हे सगळं तो आमच्या ओटीवर बसून सांगत होता. मी लगेच म्हणालो की हे वसईच्या किल्ल्याचं भुयार असणार. आमच्याकडे जमिनीला कुठेही भोक दिसलं की ते किल्ल्यालाच जाऊन मिळतं. आमच्या विहिरीतली भेगसुद्धा किल्ल्यापर्यंत जाते, असं आजोबा शपथेवर सांगायचे. सुहास मात्र केळं खाता खाता थांबला होता. भोक गोल होतं का, वर कमान होती का, भिंत गुळगुळीत होती का, असं त्याने एकेक करून विचारलं. फिलिप तिन्ही वेळा हो म्हणाला. सुहास उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

आईने दूध तापवून निवायला ठेवलं होतं. सुहासने तिच्या परवानगीची वाट न बघता पातेलं थोडं कलतं केलं आणि चमच्याने साय अलगद दाबून आम्हाला दाखवली. लाव्हा वाहताना वरून असाच गार होतो, साय धरतो, तो म्हणाला. खाली मात्र पातळच राहतो आणि वाहत राहतो. मागून येणारा लाव्हा थांबला की आतला पुढे निघून जातो आणि वरची साय तशीच दगड होऊन राहते. आत पोकळ नळी. आपल्या सह्याद्रीत अशा नळ्या असणारच.

"म्हणजे आम्ही सायीखालून चालणार?" फिलिपने विचारलं.

"सायीखालून," सुहास म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. आईने ते दूध नंतर कुणालाच दिलं नाही, मांजरालासुद्धा विचार करून दिलं.

मग कळलं की प्रकरण साधं नव्हतं. अशा नळ्या आपल्या भागात असतात असं सुहास वर्गात बोलून बसला होता आणि त्याच्या सरांनी ते हसण्यावारी नेलं होतं. सर म्हणाले, असतील तर दाखवा, येत्या सोमवारपर्यंत दाखवा. नाहीतर प्रबंधासाठी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायला लागा. त्या दिवशी गुरुवार होता. आम्ही रविवार ठरवला.

घरी काय सांगायचं हा पहिला प्रश्न. मी वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला चाललो असं सांगितलं, कारण एसटी त्याच रस्त्याने जाते. हे फार महाग पडलं. आईला भरून आलं आणि तिने देवीची ओटी बांधून दिली: नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या रंगाचा नवा कोरा खण. फिलिपने त्याच्या आईला खरं सांगितलं. तिने डोक्याला हात लावला आणि पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेल्या सहा मेणबत्त्या आणि डबाभर फुगे बांधून दिले. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल तळलेले वडे. प्रवासाला याच्यासारखं दुसरं खाणं नाही, दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. सुहासने घरी काय सांगितलं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही.

सुहासच्या यादीत हेल्मेट होतं. हेल्मेट कुणाकडेच नव्हतं. मी टॉवेलाची जाड चुंबळ करून डोक्याला बांधायचं ठरवलं, सुहासने काकांची लोकरीची टोपी आणली आणि फिलिप बँडची टोपी घालून आला, सोनेरी झालर असलेली. त्याच्या काखेत ट्रम्पेट होतं. ते कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला की सुहासनेच आणायला सांगितलंय, आवाज परत यायला किती वेळ लागतो त्यावरून गुहेची लांबी काढता येते. सुहासने मान डोलावली. शास्त्राची मान्यता मिळाल्यावर मी गप्प बसलो. माझ्या खांद्यावर विहिरीच्या रहाटाचा जुना दोर होता, दोन बॅटऱ्या होत्या आणि खडूची पेटी.

विरार पूर्वेला स्टेशनसमोरून सकाळी सातची वज्रेश्वरी एसटी मिळाली. कंडक्टरने आधी दोराकडे पाहिलं, मग बँडच्या टोपीकडे, मग नारळाकडे. विहीर काढायला, लग्नाला की देवाला, असं त्याने विचारलं. फिलिप म्हणाला, तिन्ही. कंडक्टरने दोराचं लगेजचं तिकीट फाडलं. शिरसाडपर्यंत रस्ता चांगला होता. पुढे मांडवीपासून गाडी खड्ड्यांतून अशी उडत होती की मागच्या बाकावर बसलेला फिलिप प्रत्येक खड्ड्याला टोपी धरायचा आणि पोट सोडायचा. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. पारोळ येईपर्यंत आमच्या आजूबाजूची चार बाकं रिकामी झाली होती, त्यामुळे पाय पसरून बसता आलं. आता हा रस्ता रुंद झालाय, हॉटेलंही झालीत. तेव्हा पारोळच्या नाक्यावर एकच चहाची टपरी होती आणि चहा इतका गोड होता की सुहासने त्यात चमचा उभा राहतो का ते करून पाहिलं.

पारोळच्या पुढे उतरून तासभर चालायचं. भात कापून नेलेली शेतं, टोचणारी धसकटं, बांधावरून एकामागे एक वाट. लांबून ताडाची झाडं, त्यांच्यामागे साग, आणि त्यामागे डोंगर. थंडीचे दिवस असूनही दहाच्या सुमाराला घाम निघाला. पायथ्याशी दहाबारा घरांचा पाडा लागला. त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल. बहुतेक माणसं कामावर गेली होती. एक म्हातारे आजोबा अंगणात दोरी वळत बसले होते. आम्ही गुहा कुठे विचारलं, तर त्यांनी हाताने नीट दिशा दाखवली. मग म्हणाले, "थांबा जरा, मानूस देतो संगं. आत वाट चुकंल."

सुहास म्हणाला की नको, आम्ही जाऊ. थोडं पुढे गेल्यावर त्याने आम्हाला कारण सांगितलं. शोध लावायचा तर तो स्वतः लावायला हवा, कोणी बोट धरून नेलं तर तो शोध राहत नाही. आजोबा मागून आणखी काहीतरी ओरडून सांगत होते. आम्ही त्यांना हात हलवून निरोप दिला. त्या हलवलेल्या हाताची मला आजही लाज वाटते.

भोक फिलिपने सांगितलं तसंच होतं. बैलगाडीच्या चाकाएवढं, वर कमान, आणि तोंडावर हात धरला की ओल्या मडक्यासारखा गारवा. सुहासने भिंतीवरून हात फिरवला, चष्मा पुसला, पुन्हा हात फिरवला. मग खाली वाकून जीभ लावली. आम्ही दोघांनी आदराने दुसरीकडे पाहिलं. दोराचं एक टोक करवंदीच्या बुंध्याला बांधलं आणि आत शिरलो. पुढे सुहास, मग मी, शेवटी फिलिप, कारण तो अडकला तर पुढच्या दोघांना त्याला ओढता येईल. परत कसं यायचं याचा विचार या योजनेत नव्हता.

पहिले तीसेक फूट पोटावर. नंतर गुडघ्यांवर. मग एकदम छत उंच झालं आणि आम्ही उभे राहिलो. बॅटरीच्या उजेडात जे दिसलं ते मी त्यानंतर कुठेच पाहिलेलं नाही. पाण्याच्या टाकीत पाणी उतरत गेल्यावर भिंतीवर जशा रेघा राहतात, तशा दोन्ही बाजूंना लांबच लांब आडव्या रेघा होत्या. लाव्हा टप्प्याटप्प्याने उतरत गेला त्याच्या त्या खुणा, सुहास म्हणाला. छताला बोटभर लांबीचे दगडी थेंब लोंबत होते, मेणबत्ती ओघळावी तसे. पायाखाली मऊ लागत होतं, गालिच्यासारखं. फिलिपने कौतुकाने विचारलं की ही माती कसली. सुहास म्हणाला, वटवाघळांची शी. त्यानंतर फिलिप पंज्यांवर चालू लागला.

सुहास मात्र जमिनीवर नव्हताच. तो वहीत चित्रं काढत होता, टेपने रुंदी मोजत होता, मला हा दगड धर, तो रंग बघ म्हणत होता. एवढा बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एका रुंद दालनात आम्ही बसून फुगे खाल्ले आणि त्या दालनाला आमच्या तिघांच्या आद्याक्षरांचं नाव दिलं. खडूने ते भिंतीवर लिहायला गेलो तर भिंत इतकी ओली की खडू उठेना. इतका वेळ खुणा म्हणून मागे जे बाण काढत आलो होतो, तेही उठलेले नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण दोर होता, म्हणून मी बोललो नाही. पुढे दोर संपला. सुहास म्हणाला, दोर इथे ठेवू, अजून थोडं जाऊन येऊ. आम्ही गेलो.

दोन वळणांनंतर सुहासने हातातलं घड्याळ काढलं आणि फिलिपला वाजवायला सांगितलं. एकच सूर, छोटा, असं त्याने बजावलं होतं. फिलिप कलावंत होता. त्याने संपूर्ण सलामी वाजवली.

आधी काही झालं नाही. मग छत हललं. म्हणजे छत नव्हे, छताला लटकलेली हजारभर वटवाघळं. ती सगळी एका दमात सुटली आणि वाऱ्याचा झोत यावा तशी आमच्या अंगावरून गेली. मी पालथा पडलो आणि माझी बॅटरी कुठल्याशा फटीत घरंगळत गेली. तिचा उजेड थोडा वेळ खालून येत राहिला, मग गेला. सुहास पळताना दगडावरून घसरला, त्याची बॅटरी फुटली आणि घोटा मुरगळला. फिलिप पाण्याच्या डबक्यात बसला. काडेपेटी त्याच्या मागच्या खिशात होती.

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही. डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. आम्ही एकमेकांची नावं घेत, हाताने चाचपडत एकत्र आलो. सुहासला पाऊल टेकवत नव्हतं. दोर कुठल्या बाजूला, यावर आमची तीन मतं होती. एकट्याने शोधायला जायचं कोणाला धाडस होईना. फिलिप घाबरला की घरच्या बोलीत उतरायचा. आज तो त्याही पुढे गेला आणि हलक्या आवाजात 'नमो मारिये' सुरू केलं. मी वज्रेश्वरीला मनातल्या मनात सांगितलं की ओटी माझ्याकडेच आहे, पोचवतो. सुहासच्या घड्याळाचे रेडियमचे काटे तेवढे हिरवे दिसत होते. पावणेएक वाजला होता. बाहेर सूर्य डोक्यावर होता आणि त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

मग सुहास बोलला. घरी त्याने सांगितलं होतं की त्याचा विषय मंजूर झालाय, सरांनी पाठ थोपटलीय. गेल्या महिन्यात काकांच्या ओळखीच्या एका माणसाने त्याला कारखान्यात कारकुनाची जागा देऊ केली होती. काकांनी विचारलं, तेव्हा त्याने हे खोटं सांगितलं. काकांनी त्या माणसाला घरी बोलावून, चहा पाजून, माझा मुलगा संशोधन करतोय असं सांगून परत पाठवलं. घरात चालून आलेली नोकरीची एकमेव जागा गेली होती.

"उद्या हातात काही नसेल तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?" तो म्हणाला.

फिलिपने प्रार्थना थांबवली आणि अंधारात कुठूनतरी डबा उघडल्याचा आवाज आला. त्याने चाचपडत सुहासच्या हातात फुगा दिला. सुहासने तो खाल्ला. त्या परिस्थितीत एवढंच करण्यासारखं होतं आणि फिलिपने ते केलं.

तेवढ्यात जवळच कोणीतरी खोकलं. खोकलं नव्हे, बेंऽ बेंऽ केलं. फिलिपने माझा दंड असा धरला की पुढे आठवडाभर निळा होता. सैतानाचा आवाज असाच असतो, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं होतं. मग वळणावर पिवळा उजेड हलला आणि कंदील घेऊन एक बाई आली. साठीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. ती सरपटत आली नाही, वाकूनसुद्धा नाही. देवळात यावी तशी ताठ चालत आली. तिने कंदील आमच्या तोंडासमोर धरला आणि बँडच्या टोपीपाशी थांबवला.

"पिपानी कोनी वाजवली?" ती म्हणाली. "माजी बकरी गाभन हाय."

तिचं नाव लाडकीबाई. पाड्यातल्या त्या आजोबांची ती धाकटी बहीण. आम्ही जिथे शेवटचा श्वास घ्यायची तयारी करत होतो, तिथून वीस पावलांवर, एका वळणापलीकडे, गुहेचं छत कोसळून मोठं दार झालेलं होतं. तिथून ऊन आत येत होतं आणि पंधराएक बकऱ्या सावलीत बसून रवंथ करत होत्या. लाडकीबाई लग्न होऊन आल्यापासून रोज दुपारी तिथे बकऱ्या आणायची. आजोबा मागून ओरडून हेच सांगत होते, की खालच्या तोंडाने जा, उभ्याने जाता येतं.

पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी तिला एकच चिंता होती. कोपऱ्यातल्या अंधारात तिने एक काळी बकरी बांधली होती. आज-उद्या व्यायची होती. फिलिपच्या सलामीने ती दचकली आणि तिला आजच कळा सुरू झाल्या. लाडकीबाईने आम्हाला रागावण्यात वेळ घालवला नाही. तिने सुहासला बकरीच्या मानेशी बसवलं, पाय तसाही कामाचा नव्हता. फिलिपच्या हातात कंदील दिला. हलवू नको म्हणाली. मला विचारलं, "कापड हाय का कायी?"

माझ्या पिशवीत देवीचा खण होता. मी क्षणभर थांबलो. मग दिला.

पहिलं पिल्लू यायला अवघडलं, एक पाय मागे दुमडला होता. लाडकीबाईने हात तेलाचे करून तो हळूच पुढे आणला, बकरीशी सतत काहीतरी बोलत. बकरी ओरडली की सुहासही दातांवर दात धरून कण्हायचा, घोटा त्याचाही दुखतच होता. फिलिपचा कंदील अजिबात हलला नाही. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते, म्हणून. पिल्लू बाहेर आलं ते निपचित. लाडकीबाईने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, खणाने अंग खसाखसा चोळलं, पुन्हा चोळलं. मग ते शिंकलं. दुसरं पिल्लू पाव तासाने, आपणहून आलं आणि आल्या आल्या उभं राहायला लागलं.

तेव्हा लाडकीबाई पहिल्यांदा हसली. सुहासला म्हणाली, तू चांगली धरलीस. फिलिपकडे बघून म्हणाली की डोळे उघड आता, दोन झाली. ओटीतला नारळ तिथेच फोडला. माझी भाकरी, बोंबलाची चटणी, उरलेले फुगे आणि खोबरं असं जेवण झालं. तिला फुगे आवडले. त्यात साखर कमी आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

जेवताना तिने विचारलं की आम्ही आत काय शोधत होतो. सुहासने दूध, साय, लाव्हा, सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर तिने रेघांच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली की इथून काहीतरी वाहून गेलेलं आहे, हे दिसतंच की. पावसाळ्यात ओहोळ उतरला की चिखलावर अशाच रेघा राहतात. मग तिने, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं, सांगितलं की अशा आणखी दोन आहेत. वरची अरुंद आणि पलीकडच्या टेपाडाखालची याहून मोठी, पण तिच्यात पाणी आहे.

सुहासच्या हातातला भाकरीचा तुकडा खाली पडला. पाय मुरगळलेला असतानाही तो त्या बाईच्या मागे, माझ्या आणि फिलिपच्या खांद्यांवर हात टाकून, दोन्ही ठिकाणी गेला. वहीची पानं संपली तेव्हा तिकिटांच्या मागे लिहिलं. लगेजचं तिकीट तेव्हा कामाला आलं.

परतीची एसटी पाचची होती. आमच्या अंगाला असा वास येत होता की यावेळी बोंबलाची गरज पडली नाही. मनवेलपाड्याला सुहासला आम्ही दोन्ही बाजूंनी धरून चाळीत नेलं. काका दाराशीच होते. सुहासने पाय धुवायच्या आधी सगळं खरं सांगितलं, आम्ही दोघं मागे भिंतीला टेकून उभे होतो. शेवटी काकांनी विचारलं की बकरी बरी आहे ना. मग काकूंना हळद गरम करायला सांगितली आणि स्वतः खाली बसून त्याच्या घोट्यावर लेप लावला. कारकुनाच्या जागेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. लेप लावताना मान खाली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा आम्हाला दिसला नाही.

मी घरी आईला खरं सांगितलं, कारण खण मागितला असता तर दाखवता आला नसता. ती म्हणाली, बाळंतिणीला गेला ना, मग पोचली ओटी. वडिलांनी मात्र दोर कुठे आहे विचारलं. दोर अजून गुहेत आहे.

सरांनी सोमवारी चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतः आले. लाडकीबाईने त्यांना खालच्या तोंडाने नेलं आणि आत शिरण्याआधी कोणतंही वाद्य बरोबर नाही ना, याची खात्री करून घेतली. प्रबंधात सुहासने तिचे आभार मानले, नावासकट, पहिल्या ओळीत. सरांचं नाव दुसऱ्या ओळीत होतं. पुढे त्याला सरकारी नोकरी लागली, भूजलाची. म्हणजे जन्मभर त्याने विहिरींच्या पाण्याची पातळीच मोजली, आणि ते तो स्वतःच हसत सांगतो. फिलिप अजूनही वाजवतो, आता फक्त चर्चमध्ये.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. पावसाळा सोडून जा, सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, माणशी दोन उजेड ठेवा, नाकाला फडकं बांधा, वटवाघळांना झोपू द्या. आणि पाड्यात कोणी थांबा म्हणालं तर थांबा. नाव दिलं नाही ते याचसाठी. नाव कळलं की माणूस विचारत नाही, आणि विचारल्याशिवाय ती गुहा कोणाला नीट दिसत नाही, हे मी पोटावर सरपटून शिकलोय.

त्यानंतर मी खूप हिंडलो. तिकीट लावून दाखवतात त्या गुहाही पाहिल्या, दिवे लावलेल्या, कठडे घातलेल्या. त्या छान होत्या. पण लाव्हाच्या गुहेचं नाव निघालं की मला आधी रेघांची भिंत आठवत नाही. त्या दिवसानंतर पंधरवड्याने आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सुहासचे वडील बरोबर आले होते, ते आठवतं. वर्षभर दहा बाय बाराच्या खोलीच्या दाराशी बसलेला माणूस. खालच्या तोंडाने ते उभ्याने आत गेले, कोसळलेल्या छताखालच्या उन्हात थांबले, वर बघत राहिले. भिंतीवरून हात फिरवला, लूमवर कापड तपासावं तसा. सुहास बाजूला उभा राहून समजावून सांगत होता आणि ते मान हलवत होते.

संध्याकाळी चाळीत पोचलो. काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, पोराने काय दाखवलं एवढं? काकांनी चपला काढल्या, नीट भिंतीला लावल्या.

"जागा बघितलीन पोरानं," ते म्हणाले. "प्रशस्त आहे. भाडं नाही. फक्त बकऱ्यांशी जमवून घ्यावं लागेल."

काकू आधी घाबरल्या आणि मग हसल्या. त्यांच्या मागोमाग काकाही हसले. त्या घरातून हसण्याचा आवाज आला म्हणून शेजारची दोन दारं उघडली.